बटर फ्रूटवाले आप्पा

आमच्या गल्लीत फळाच्या देठाला धागा बांधणारा एकच माणूस आहे. सोमवारी आणलेल्या फळाला लाल धागा, गुरुवारी आणलेल्याला हिरवा, आणि बाजारातल्या बाईनं "उद्याच खा" म्हणून दिलेलं असेल तर पिवळा. धागा बांधून झाला की ते फळ बॉबिनच्या जुन्या लाकडी पेटीत, मागावर उरलेल्या सुताच्या गुंत्यात अंड्यासारखं अलगद ठेवायचं. रोज सकाळ-संध्याकाळ पेटी उघडायची, प्रत्येक फळाच्या मानेपाशी अंगठा टेकवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचा.

"लालवालं उद्या. हिरवं परवा दुपारी. हे अजून लई कडक हाय, ह्याच्याशी बोलण्यात अर्थ न्हाय."

फळ म्हणजे ॲव्होकॅडो. पण आमच्या वडगावात, म्हणजे बेळगावच्या या विणकरांच्या भागात, हा शब्द कोणी वापरत नाही. बेळगावात त्याला बटर फ्रूट म्हणतात, ज्यूस सेंटरच्या पाटीवरही तसंच लिहिलेलं असतं. कॉलेजात पुस्तकात ॲव्होकॅडो वाचलं तेव्हा ते दुसरंच कुठलं तरी परदेशी फळ असेल असं मला वाटलं होतं.

आणि माणूस म्हणजे आमचे शेजारी शंकर आप्पा. आमच्या भिंतीला त्यांची भिंत. पुढच्या खोलीत राहणं आणि मागच्या खोलीत दोन पॉवरलूम. वय साठीच्या आसपास. चाळीस वर्षं साड्या विणल्यामुळं त्यांचा उजवा अंगठा हेच त्यांचं मोजण्याचं यंत्र झालं आहे. सुताचा ताण ते अंगठ्यानं बघतात, भिंतीची ओल अंगठ्यानं बघतात, माझ्या आईनं मळलेलं पीठसुद्धा एकदा त्यांनी जाता जाता अंगठ्यानं बघितलं होतं. बाजारातली कन्नड बोलणारी फळवाली त्यांना लांबून येताना बघितलं की टोपलीवर हात धरते आणि ओरडते, "ओत्तब्याड्री! दाबू नका हो आप्पा!" आप्पा शांतपणे सांगतात, "दाबत न्हाय बाई. विचारतोय त्याला."

लग्न त्यांचं राहून गेलं. कोणी विचारलंच तर म्हणतात, "दोन माग संभाळता संभाळता जीव जातोय, तिसरं कोण संभाळणार?"

मी आमच्या घरातली कॉलेजला गेलेली पहिलीच. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे वडीलही मागावर काम करतात. घरातलं एक माणूस कॉलेजला गेलं की गल्लीला वाटतं, आता त्याला सगळं कळतं. लाइट बिलावरचा मजकूर, बँकेचे मेसेज, गोळीच्या पाकिटावरचं नाव, सगळं माझ्याकडं येतं. निम्म्या गोष्टी मला कळत नाहीत, पण तसं सांगायला लाज वाटते म्हणून मी "उद्या सांगते" म्हणते आणि कॉलेजात कोणाला तरी विचारून येते. आप्पांनी तर माझं नावच बदलून टाकलं. "काय गं कॉलेज, आज काय शिकिवलं?"

हे बटर फ्रूटचं वेड त्यांना कसं लागलं ते सांगायचं तर आधी आक्कांबद्दल सांगायला हवं.

आक्का म्हणजे आप्पांची मोठी बहीण. आई गेली तेव्हा आप्पा सहा वर्षांचे होते आणि आक्का सोळाच्या. निपाणीत तंबाखूच्या वखारीत पानं निवडायचं काम करून आक्कांनी या भावाला वाढवलं. पुढं तो माग शिकायला बेळगावला आला, आक्कांचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. आक्का निपाणीतच राहिल्या. आयुष्यभर तंबाखूत हात आणि रोज सकाळी दातांना मिश्री. त्यानं हळूहळू त्यांचं तोंड आखडत गेलं. यंदा संक्रांतीनंतर आप्पा त्यांना वडगावला घेऊन आले, तेव्हा तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. घास जात नव्हता, तिखट तर लांबूनसुद्धा झोंबत होतं. बोलताना शब्द दातांच्या मागंच राहायचे, आपण जवळ जाऊन ऐकायला लागायचं.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पण वजनाच्या काट्याकडं बघून ते म्हणाले, "बत्तीस किलोच्या बाईला मी टेबलावर घेणार नाही. चाळीस करून आणा, मग बघू."

बत्तीसाचे चाळीस करायचे, एवढंच काम होतं. पण आक्कांचा एक नियम होता. घरात जे सगळ्यांना, तेच मला. आपल्यासाठी वेगळं काही केलेलं त्यांना चालत नसे. आप्पांनी शिरा केला, तर "मी काय पाहुणी हाय व्हय?" म्हणून ताट सरकवलं. तांदळाची पेज केली, तर "मी काय आजारी हाय व्हय?" आता आजारी तर त्या होत्याच, पण हे त्यांना कोण सांगणार? डॉक्टरांनी दिलेला पावडरचा डबा त्यांनी दुसऱ्याच दिवशी माझ्या आईच्या हातात दिला. "तुझी पोरगी अभ्यास करती, तिला दुधातनं घाल." मला खरं काय ते माहीत नव्हतं. मी तो अख्खा डबा संपवला. चांगला लागत होता.

स्वतः मात्र भाकरीचा तुकडा आमटीत भिजवून, बोटानं दाबून आत सरकवायच्या. चार घास झाले की "पोट भरलं" म्हणायच्या.

अशात एप्रिल महिन्यात एके दिवशी आप्पा दवाखान्यातून आले ते छातीवर हात ठेवूनच. आम्ही सगळे दारात जमलो. आप्पा म्हणाले, "काळजाचं जरा बघाय पायजे म्हणालेत डॉक्टर. रोज बटर फ्रूट खायला सांगितलंय." मग पिशवीतून दोन हिरवी, खरखरीत फळं काढून त्यांनी आक्कांच्या पुढ्यात ठेवली. "पर मला एकट्याला हे जायचं न्हाय, आक्का. तू संगं बसलीस तर खाईन. न्हायतर राहू दे, जे व्हायचं ते हुईल."

आक्कांनी फळ उचलून उलटसुलट करून बघितलं. भाऊ छातीला हात लावून उभा होता, तिथं त्या नाही कशा म्हणणार?

पहिल्या दिवशी दोघांपैकी कोणालाच ते कसं खायचं ते माहीत नव्हतं. कच्च्या पपईसारखं असेल असं समजून आप्पांनी फोडी केल्या, कुकरला तीन शिट्ट्या दिल्या आणि गूळ-मसाला घालून आमटी केली. बटर फ्रूट शिजवलं की कडू होतं, हे त्या दिवशी आमच्या गल्लीला कळलं. आक्कांनी एक घोट घेतला आणि दातांतूनच म्हणाल्या, "शंकऱ्या, काळीज ऱ्हाऊ दे, जीभ जाईल." उरलेली आमटी समोरच्यांच्या शेळीपुढं ठेवली. शेळी हुंगून पुढं निघून गेली.

दुसऱ्या वेळेला फळवालीनं सांगितलं, पिकू द्या आणि कच्चंच खा. तर यांनी घाई केली आणि सुरी अडकली. तिसऱ्या वेळेला वाट बघत बसले आणि आतून काळं निघालं. चौथ्या वेळेला मात्र आप्पांमधला विणकर जागा झाला. सुताचा गुंता, पेटी, धागे आणि अंगठा. त्यानंतर आजपर्यंत त्यांचं एकही फळ वाया गेलेलं मी बघितलेलं नाही.

रोज सकाळी सात वाजता दोघं पुढच्या खोलीत उंबऱ्याजवळ बसायची. आप्पा फळ मधोमध चिरून, बी काढून, गर चमच्यानं घोटायचे. चिमूटभर मीठ किंवा थोडी साखर. दोन वाट्या, अगदी सारख्या. आक्कांचा छोटा चमचा त्या बोटभर फटीतून अलगद आत जायचा. आप्पा आपली वाटी मोठ्या आवडीनं खायचे, "वा! लोणी!" असं म्हणत. आक्का त्यांच्या तोंडाकडं बघत राहायच्या आणि त्यांची वाटी संपेपर्यंत उठायच्या नाहीत. "खरवडून खा," म्हणायच्या. "काळजाला लागतंय." मग आप्पा म्हणायचे, "तू बी खरवड, मग मी खरवडतो."

वाटी झाली की आप्पा गल्लीत निघायचे. बटर फ्रूटचे फायदे सांगायला.

त्यांच्या सांगण्यात एक वाक्य नेहमी असे. "हे मी म्हणत न्हाय, सायन्स म्हणतंय." गुडघे धरत नाहीत, हे सायन्स म्हणतंय. केस परत येतात, हेही सायन्स म्हणतंय. दूधवाल्याला त्यांनी सांगितलं की यानं माणसाचा आवाज गोड होतो. गल्लीत सायन्स शिकणारी मी एकटीच असल्यामुळं सगळे माझ्याकडं बघायचे. मी मान खाली घालायची.

पलीकडच्या घरातले शिवाण्णा, तेही मागवालेच. ते आप्पांची चेष्टा केल्याशिवाय चहा पीत नाहीत. "आप्पा, आमचा दोन नंबरचा माग लई आवाज करतोय. त्याला लावू काय तुझं बटर?"

"लाव की. आणि उरलं तर डोक्याला लाव. थोडं आत मुरलं तर मुरलं."

शेवटी मला राहवलं नाही. मी कॉलेजात आहारशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना गाठलं आणि वहीत सगळं लिहून आणलं. या फळात चांगल्या प्रकारची चरबी असते. तूप-तेल कमी करून त्याच्या जागी हे खाल्लं तर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होऊ शकते. तंतू भरपूर, त्यामुळं पोट साफ राहतं. पोटॅशियम असतं, फोलेट असतं. पण हे औषध नाही. आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

हे ऐकून आप्पा खूश झाले आणि म्हणाले, "मोठ्या कागदावर लिही. मागाच्या दाराला लावू." मी रविवारी बसून स्केच पेननं लिहायला घेतलं. आप्पा बाजूला उकिडवे बसले.

"'मदत होऊ शकते' म्हंजे काय गं? होते का न्हाय होत?"

"होऊ शकते, आप्पा. प्रत्येकाला सारखी होईल असं नाही."

"तुझं सायन्स लई भित्रं हाय."

मूत्रपिंडाचं वाक्य आलं तेव्हा ते म्हणाले, "हे जरा बारीक लिही." मी ते बाकीच्याइतकंच मोठं लिहिलं. आप्पांनी थोडा वेळ त्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. कुणाचं काय व्हायला नको." मग स्केच पेन माझ्या हातातून घेऊन त्यांनी खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली. "चव लोण्यासारखी. लाजू नये."

जूनमध्ये कोल्हापूरला त्यांच्या चुलतभावाच्या घराची वास्तुशांत होती. आक्कांना माझ्या आईवर सोपवून आप्पा आणि शिवाण्णा एका दिवसासाठी बसनं निघाले. आहेर म्हणून आप्पांनी साडीच्या खोक्यात सुताचा गुंता अंथरून सहा फळं घेतली होती, प्रत्येकाला धागा. पुढचं सगळं शिवाण्णांनी सांगितलेलं आहे, त्यामुळं त्यात थोडं मीठ-मसाला असणार. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर बस थांबवून पिशव्या तपासत होते. पोलिसानं खोकं उघडलं. आत विस्कटलेलं सूत, त्यात काळपट हिरवी फळं, आणि त्यांच्या मानेला लाल, हिरवे, पिवळे धागे. पोलीस एक पाऊल मागं सरकला.

"एन्री इदु? काय हो हे? कोणावर करणी करायला चाललाय?"

आप्पा म्हणाले, "साहेब, करणी न्हाय, हे काळजाचं हाय." त्यानं पोलीस आणखी एक पाऊल मागं सरकला. मग आप्पांनी पिवळे धागे असलेली दोन फळं तिथंच चिरली, खिशातली मिठाची पुडी काढली आणि नाक्यावर उभं राहून फायदे सांगितले. पोलिसानं खाल्लं, पुढच्या सीटवरच्या दोन बायांनी खाल्लं, कंडक्टरनं आधी शिट्टी वाजवली आणि मग त्यानंही खाल्लं. वास्तुशांतीला चारच फळं पोचली. आप्पा मात्र परत आल्यावर एवढंच म्हणाले, "कोगनोळीपतुर सायन्स पोचिवलं."

आणि त्याच आठवड्यात आक्कांचं वजन साडेचौतीस झालं. जुलैच्या शेवटी साडेछत्तीस. काट्यावरचा आकडा आप्पा भिंतीवर खडूनं लिहायचे, पण नुसता आकडा, कोणाचा ते लिहायचे नाहीत.

चूक माझ्याकडून झाली.

मला आप्पांच्या काळजाची खरंच काळजी वाटत होती. चार महिने झाले, एक गोळी नाही, दुसरी तपासणी नाही, नुसतं फळ. शिवाय रोजच्या वाटीनं त्यांचं पोट सुटायला लागलं होतं. ऑगस्टमधल्या एका रविवारी मी दारात गेले तेव्हा दोघं वाट्या घेऊन बसली होती. माझी आईही तिथं होती. आप्पा तिला सांगत होते, "काळजाच्या माणसानं तर रोज दोन खावीत, दोन."

मी म्हणाले, "आप्पा, तुमचा रिपोर्ट द्या. मॅडमच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवते."

"रिपोर्ट... हाय की. कपाटात हाय."

"मग काढा ना. आणि दोन कशाला खायची? पोट बघा तुमचं. यात ताकद फार असते आप्पा. हे खरं तर ज्यांचं वजन वाढवायचंय त्यांना द्यायचं..."

एवढं बोलले आणि माझी नजर आपोआप आक्कांकडं गेली. आईनं माझा हात दाबला, पण उशीर झाला होता. आक्कांचा चमचा वाटीत थांबला होता. त्यांनी भिंतीवरच्या खडूच्या आकड्यांकडं बघितलं, मग आप्पांकडं.

"असं व्हय," त्या म्हणाल्या.

वाटी खाली ठेवली, वर ताटली झाकली आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. परत तेच, भिजवलेल्या भाकरीचे चार घास आणि "पोट भरलं". आप्पा गल्लीत यायचे बंद झाले. शिवाण्णांनी दोनदा हाक मारून बघितली, "आप्पा, सायन्स सुट्टीवर हाय काय?" आतून नुसता मागाचा आवाज आला. चौथ्या दिवशी भिंतीवर साडेछत्तीसाच्या खाली पस्तीस लिहिलं होतं.

मला जेवण जात नव्हतं. इतकं शिकून मी काय केलं होतं तर एका म्हाताऱ्या बाईची वाटी बंद केली होती. मी दुपारी कॉलेजातून आल्या आल्या वही टाकली आणि आक्कांची माफी मागायला गेले. त्या पुढच्या खोलीत बसून कांडीवरच्या सुताचा गुंता सोडवत होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं.

"पोरी, तू खरं सांगतीस म्हणून विचारते. शंकऱ्याच्या काळजाला काय झालंय?"

मी गुंत्याचं एक टोक हातात धरलं.

"तो मला फसिवतोय, एवढं कळलं मला त्या दिशी. पर कशात फसिवतोय ते कळना. काळीज चांगलं असून खराब म्हणतोय, का लई खराब असून फळावर भागिवतोय? चार रात्री डोळा न्हाय माझा."

याचा मी विचारच केला नव्हता. मला वाटलं होतं त्या रागावल्यात. मी म्हणाले, "मला माहीत नाही, आक्का. विचारून येते."

मागच्या खोलीत दोन्ही माग चालू होते. त्या खटखटाटात माझी हाक कोणाला ऐकू जाणार? मी दुसऱ्या मागाला वळसा घालून गेले, तर आप्पा ताण्याचं सूत गुंडाळलेल्या बीमच्या मागं भिंतीकडं तोंड करून उभे. एका हातात भाकरीचा चतकोर, दुसऱ्या हातात हिरवी मिरची. मला बघून त्यांनी भाकरी चटकन पाठीमागं लपवली. साठ वर्षांचा माणूस, वर्गात चिंच खाताना सापडल्यासारखा.

"इथं उभ्यानं का जेवताय?" मी ओरडून विचारलं.

त्यांनी माग बंद केले. एकदम इतकं शांत झालं की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. आप्पांनी दाराकडं बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "माग चालू असला की चावल्याचा आवाज भाईर जात न्हाय."

"चार महिने?"

"तिच्याम्होरं भाकरी मोडवत न्हाय गं. मी कराकरा कांदा चावायचा आणि तिनं बोटानं घास ढकलायचा, हे काय बरं दिसतंय?"

"आणि तुमचं काळीज?"

"त्याला काय धाड भरलीय! बीपी बघाय गेलतो त्या दिशी. डॉक्टर म्हणाले, आप्पा, अजून तीस वर्षं माग चालवशील." मग म्हणाले, "बटर फ्रूट खाल्लं की मला उमासं येतंय, कॉलेज. लहानपणापासनं मऊ काय जात न्हाय मला. जिभेवर ठेवलं की शेवाळ खाल्ल्यागत वाटतंय. गल्लीभर सांगत सुटतो, तेवढंच त्वांड दुसऱ्या कामाला लागतंय."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

आप्पा म्हणाले, "एक काम कर. तिला जाऊन सांग की माझं काळीज लई खराब हाय. तू सांगितलंस तर तिला पटंल. तू कॉलेज हायस. पाच किलोचा तर प्रश्न हाय."

पुढच्या खोलीत जायला मोजून आठ पावलं लागतात. त्या आठ पावलांत मी दोन्ही वाक्यं मनात म्हणून बघितली. खोटं सांगितलं तर त्या खातील, आणि रोज वाटीसमोर बसून भावाच्या मरणाला भितील. खरं सांगितलं तर झोपतील, पण खातील की नाही कोणास ठाऊक. मॅडम म्हणतात की माहिती सांगताना ती कोणाला सांगतोय ते बघावं. ते कसं बघायचं ते मात्र त्यांनी शिकवलेलं नाही.

मी आक्कांसमोर बसले आणि म्हणाले, "आप्पांना काही झालेलं नाही. काळीज चांगलं आहे. ते तुमच्यासाठी खात होते."

आक्कांनी डोळे मिटले. हातातली कांडी मांडीवर पडली.

"देवा," म्हणाल्या. मग डोळे उघडून, "आणि त्याला आवडतंय का ते?"

"नाही. त्यांना उमासे येतात."

"येणारच. पिकलं केळं तोंडात घातलं तर माझ्या अंगावर थुकायचा लहानपणी." त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. त्यांचं तोंडच उघडत नसल्यामुळं त्या हसतायत की रडतायत ते मला कळलं नाही.

"मग भाकरी कुठं खातोय?"

हे तर मी सांगणार नव्हते. पण त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मागच्या खोलीकडं बोट केलं.

आक्का उठल्या. मला वरचा जोंधळ्याच्या पिठाचा डबा काढायला सांगितला. मी "मी करते" म्हणाले तर "तू बाजूला हो" म्हणाल्या. परातीत पीठ घेतलं, मळलं, थापायला लागल्या. हातावर नुसत्या शिरा दिसत होत्या, पण भाकरी काठापर्यंत एकसारखी गोल फिरत होती. तव्यावर टाकून पाणी फिरवलं, निखाऱ्यावर टम्म फुगवली. ताटात भाकरी, ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. ठेच्याच्या वासानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनीच वाढला.

मग बॉबिनची पेटी उघडली, एक फळ काढलं, चिरलं आणि घोटलं. एकाच वाटीत.

"शंकऱ्या!"

आप्पा दारात येऊन उभे राहिले. समोर दोन पाट, एका बाजूला ताट, दुसऱ्या बाजूला वाटी. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"आक्का, अगं, हे मी म्हणत न्हाय, सायन्स..."

"गप बस. तू तुझं खा, मी माझं खाते."

आप्पा बसले. भाकरी मोडली, पण घास घेईनात. आक्कांनी वाटी उचलली, चमचा भरला आणि फटीतून आत सरकवला. दुसरा चमचा भरून तसाच हातात धरून त्या भावाकडं बघत बसल्या. तेव्हा कुठं आप्पांनी कांद्याची पाकळी उचलली आणि ओठ घट्ट मिटून, गालाच्या एका कोपऱ्यात, आवाज होणार नाही असं बेतानं चावायला लागले.

आक्का थोडं पुढं झुकल्या.

"तसं नको रं," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं चाव. मला ऐकू दे."